टाक, आयकॉन आणि सरांचा आक्षेप

सर, नमस्कार. माझ्या लेखात मी देव्हाऱ्यातल्या टाकाला, म्हणजे देवाची प्रतिमा उठवलेल्या धातूच्या छोट्या पत्र्याला, 'आयकॉन' म्हटलं होतं. 'आयकॉन म्हणजे चर्चमधलं पवित्र चित्र. संगणकवाल्यांनी आणि फ्लेक्सवाल्यांनी तो शब्द बाटवला आणि तुम्ही आपल्या देवाच्या टाकालाही तोच चिकटवलात,' असं तुम्ही खानापूरहून लिहिलंत. फ्लेक्सबद्दल तुमचं खरं आहे. चौकातल्या 'यूथ आयकॉन'मध्ये कशाची प्रतिमा, कुणाशी साम्य, हे काहीच उरत नाही.

पण शब्द चर्चपेक्षा जुना आहे. ग्रीक 'एइकोन'च्या मुळाशी 'सारखं असणं' आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात प्लेटो सावलीला आणि पाण्यातल्या प्रतिबिंबालाही हाच शब्द लावतो. चर्चमध्ये तो नंतर आला, आणि सुखाने नांदला असंही नाही. आठव्या शतकात बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटांनी ही चित्रं फोडायला लावली. शेवटी 787 साली ख्रिस्ती धर्मगुरूंच्या निकियाच्या परिषदेने ठरवलं की चित्राला दिलेला मान ज्याचं चित्र त्याला पोचतो. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

संगणकाच्या पडद्यावर हा शब्द संगणकतज्ज्ञ डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी 1975 साली आणला, तोही रशियन चर्चमधली चित्रं डोळ्यांपुढे ठेवून. ज्याचं चित्र, त्याचे गुणही त्यात असतात, हे त्यांना भावलं होतं. याला बाटवणं कसं म्हणू?

टाकाचं मात्र तुम्ही लिहिल्यावर पुन्हा बघितलं. आमच्या देव्हाऱ्यात सौंदत्तीच्या यल्लम्माचा चांदीचा टाक आहे, दोन बोटं रुंद. आरती आम्ही मराठीत म्हणतो, शेजारच्या अव्वा तिला कन्नडमध्ये हाक मारतात. चिंच-रांगोळीने घासून घासून तिचं नाक-डोळे पार गेलेत. बोट फिरवलं तर मुकुटाची कड तेवढी लागते. खंडोबाचा घोडा अजून ओळखू येतो. तरी आजी ताटातून यल्लम्मा न बघता उचलायची.

चार्ल्स पर्स हा अमेरिकन तत्त्वज्ञ साम्यावर चालणाऱ्या खुणेलाच आयकॉन म्हणतो. रूढीवर चालते ती वेगळी. फ्लॉपी कधी न बघितलेली पोरं 'सेव्ह'साठी तिचं चित्र दाबतात, ते रूढीनेच. आमच्या यल्लम्माचंही साम्य झिजलं, ओळख राहिली. तेव्हा टाकाला सरसकट आयकॉन म्हणणं ही माझी चूक. लेखातलं वाक्य आज बदललंय, तिथे आता नुसतं 'टाक' आहे. घरात तर आजी तेही म्हणत नसे. सणाच्या आदल्या दिवशी हाक यायची, 'देव घासायला घे गं.'