‘आधी तपासा, मग उघडा’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा चूक सापडली. माझीच. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ फंक्शनवरच्या लेखात मी लिहिलं होतं की फाइल नसेल तर ‘आर+’ मोड (वाचायला आणि लिहायला उघडण्याची पद्धत) ती तयार करतो. साफ चुकीचं. ‘आर+’ला फाइल आधीपासून लागतेच, नसेल तर फाइलनॉटफाउंडएरर तोंडावर येतो. वाक्य दुरुस्त केलंय. कान धरलात ते बरं झालं.

आता तुमचे बाकीचे आक्षेप. ‘डब्ल्यू’ मोडचा (जुनं पुसून नव्याने लिहिणाऱ्या) मी उगाच बागुलबुवा केला, फाइल आहे की नाही हे ‘एग्झिस्ट्स’ने आधी तपासलं की ‘एक्स’ची (फाइल नसेल तरच ती बनवणाऱ्या मोडची) गरजच उरत नाही, आणि एन्कोडिंगचा (अक्षरं बाइटांत कशी साठवायची त्या पद्धतीचा) परिच्छेद म्हणजे विषयांतर, असं तुमचं म्हणणं. जाता जाता ‘ए+’बद्दलही (फाइलच्या शेवटी भर घालणाऱ्या मोडबद्दल) एक वाक्य टाकलंय तुम्ही, त्याकडे येतोच.

बागुलबुवा म्हणाल तर तो माझ्या घरचाच आहे. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एका छोट्या स्क्रिप्टवर चालायचा, ती मीच लिहिलेली. हिशेबाची फाइल ‘डब्ल्यू’ने उघडायची, मग बँकेच्या स्टेटमेंटमधले आकडे वाचायचे, शेवटी सगळं लिहून काढायचं, असा क्रम. एका महिन्यात स्टेटमेंटमध्ये एक रकाना रिकामा आला आणि स्क्रिप्ट मध्येच कोसळली. एक अक्षरही लिहिलं गेलं नव्हतं, तरी जुना हिशेब गायब. फाइल शून्य बाइटची! ‘डब्ल्यू’ जुना मजकूर पुसतो तो लिहिताना नव्हे, उघडतानाच, हे मला पुस्तकातून माहीत होतं. अंगाला लागलं ते त्या दिवशी. खजिनदार काकांकडे छापील प्रत होती म्हणून निभावलं. माझे दोन रविवार टाइप करण्यात गेले.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर आधी तपासायचं. इथेच आपलं खरं पटत नाही.

भरलेली एसटी स्टँडवर लागते तेव्हा काय होतं आठवा. तुम्ही खिडकीतून बघता, तिसऱ्या रांगेतली सीट रिकामी आहे. वळसा घालून दारातून आत शिरेपर्यंत तिथे कोणीतरी पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं असतं. तुमचं बघणं खोटं नव्हतं, शिळं झालं होतं. ‘एग्झिस्ट्स’ने तपासून मग ‘डब्ल्यू’ने उघडणं म्हणजे हेच, आणि वर आणखी वाईट म्हणजे ‘डब्ल्यू’ त्या बसलेल्या माणसाला न विचारता उठवतो. ‘एक्स’ म्हणजे खिडकीतूनच टाकलेला रुमाल. फाइल नसल्याची खात्री करणं आणि ती तयार करणं ही दोन कामं ऑपरेटिंग सिस्टिम एकाच दमात करते, मध्ये कोणाला शिरायला फट राहत नाही. आधीच कोणी बसलेलं असेल तर फाइलएग्झिस्ट्सएरर येतो आणि काय करायचं ते तुम्ही ठरवता.

लिनक्सवर खाली काय चालतं तेही सांगतो. ‘डब्ल्यू’ दिलं की पायथॉन सिस्टिमकडे फाइल ‘नसेल तर बनव’ आणि ‘असेल तर रिकामी कर’ असे दोन झेंडे पाठवतं. ‘एक्स’मध्ये पहिला झेंडा तसाच, दुसऱ्याच्या जागी ‘असेल तर नकार दे’. त्या पहिल्या झेंड्याच्या इंग्रजी नावात ‘क्रिएट’चं शेवटचं ‘ई’ गाळलेलं आहे. युनिक्स पुन्हा बनवलंत तर काय बदलाल, असं विचारल्यावर त्या सिस्टिमचे एक जनक केन थॉम्पसन यांनी ते ‘ई’ लावेन असं उत्तर दिलं होतं. देवनागरीत लिहिताना ही चूक आपोआप झाकली जाते, तेवढाच आपला फायदा.

‘दोन स्क्रिप्ट एकाच वेळी चालणार तरी कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. कोणी मुद्दाम चालवत नाही. क्रॉनमधली (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीतली) कालची फेरी लांबते आणि आजची सुरू होते. किंवा आयकॉनवर घाईत चारदा क्लिक होतं. आणि ‘कॉलेजात एक्स कधी शिकवला नाही’ यात नवल नाही. पायथॉनमध्ये तो ३.३ आवृत्तीत, म्हणजे २०१२ साली आला. सी भाषेच्या, फाइल उघडणाऱ्या ‘एफओपन’ला प्रमाणित रूपात मिळाला तो सी११ या मानकात. आपली क्रमिक पुस्तकं त्याआधीची.

एक मात्र कबूल करतो, ‘एक्स’ सगळीकडे चालत नाही. माझ्या हिशेबाच्या फाइलला त्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण ती दर महिन्याला बदलायचीच होती. तिथे आता मी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहितो, पूर्ण झाली की ‘ओएस.रिप्लेस’ने जुनीच्या जागी बसवतो. स्क्रिप्ट मध्ये कोसळली तरी जुना हिशेब जागेवर असतो. हे मूळ लेखात यायला हवं होतं. तुम्ही ते विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतंत!

‘ए+’चं. ‘सीक करून मधली ओळ बदलतो’ असं लिहिलंय तुम्ही; सीक म्हणजे फाइलमधल्या हव्या जागी जाणं. लिनक्सवर करून बघा. सीक करून वाचता येतं, किंबहुना वाचायचं तर करावंच लागतं, कारण ‘ए+’ उघडल्यावर तुम्ही फाइलच्या शेवटी उभे असता. पण लिहिलेलं मात्र दर वेळी शेवटीच जाऊन पडतं. मधलं बदलायला ‘आर+’, आणि तोही मजकूर सरकवत नाही, वरून गिरवतो. ‘५००’च्या जागी ‘१२५०’ लिहिलंत तर पुढचा एक आकडाभर मजकूर गिळला जाईल. आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरी आकडा तीन बाइटांचा असतो हेही लक्षात असू द्या.

त्यावरून एन्कोडिंग. इंग्रजी ब्लॉगवर ते विषयांतर ठरलंही असतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच विंडोज मशीनवर एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली की पायथॉन सीपी१२५२ हे देवनागरी नसलेलं एन्कोडिंग गृहीत धरतं, आणि त्यात ‘नमस्कार’ लिहायला गेलात की युनिकोडएन्कोडएरर. पायथॉनच्या ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचं ठरलंय, पण सोसायटीच्या ऑफिसातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर ३.८ आहे आणि तो बदलायला काका तयार नाहीत. तो परिच्छेद काढत नाही.