तिला काय कळतंय त्यातलं?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या ऑफिस आहे, तरी लिहितेय. पोटात ठेवलं तर झोप लागणार नाही.

आज संध्याकाळी इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्येच एका ओळखीच्यांकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. नेहमीचीच मंडळी, नेहमीचेच छोले. बोलता बोलता विषय निघाला की आईवडील इंडियातून आले की त्यांना कुठे कुठे न्यायचं. मी म्हटलं, मी गेल्या वर्षी आईच्या सत्तरीला तिला मॅनहॅटनला कीन्समध्ये जेवायला नेलं होतं. स्टेकहाउस म्हटल्यावर दोघी-तिघींच्या भुवया वर गेल्या, ते ठीक. पण यजमानीण बाई हसून म्हणाल्या, "अगं, आईला तिथे नेऊन काय उपयोग? त्यांना काय कळतंय त्यातलं? आम्ही तर सरळ ओक ट्री रोडला नेतो, डोसा खायला घालतो, खूश होतात."

आणि हे बोलत असताना त्यांची स्वतःची आई आत गॅसपाशी उभी राहून पुऱ्या तळत होती. वीस माणसांच्या.

मी काही बोलले नाही. प्लेट घेतली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. आता बोलते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कीन्स म्हणजे पश्चिम ३६व्या रस्त्यावरचं जुनं स्टेकहाउस, पेन स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. १८८५ सालचं. तेव्हा तो भाग नाटकवाल्यांचा होता, आजूबाजूला थिएटरं होती, आणि नट मंडळी मेकअप न पुसताच तिथे जेवायला घुसायची म्हणतात. आत शिरलं की आधी छत दिसतं. छताला चिकटून, ओळीने, दाटीवाटीने मातीचे पांढरे पाइप टांगलेले. पन्नास हजारांच्या वर आहेत. लांब नळीचे, बोटाएवढ्या जाडीचे. खिशात घेऊन हिंडलं तर मोडतील असे, म्हणून गिऱ्हाईक आपला पाइप तिथेच ठेवून जायचं आणि पुढच्या वेळी आलं की नंबर बघून काढून दिला जायचा. त्यात बेसबॉलवाल्या बेब रूथचा आहे, राष्ट्राध्यक्ष टेडी रूझवेल्टचा आहे, आइनस्टाइनचाही आहे.

आमची आई दारातच थांबली. इरकल नेसलेली, पायात नातवाने निवडलेले स्पोर्ट शूज, वरून माझं जुनं जॅकेट. मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या चिलमी कशाला गं?"

चिलमी! मी इतक्या वेळा त्या छताखालून गेलेय, ऑफिसच्या लोकांना ती पाइपांची गोष्ट सांगितलीय, पण हा शब्द माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. माझ्या पणजोबांची चिलीम गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची, त्यांची ती त्यांची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे तिने मला त्या दारात उभं राहून सांगितलं. मागे लोक खोळंबलेले. म्हणे काय कळतंय त्यातलं.

आता माझ्या माहेरच्या जेवणाबद्दल. कोल्हापूरकरांना हे सांगायची गरज नाही, पण इथे पुण्याचेही वाचतात.

आमच्याकडे रविवारी मटण. एक किलो आणि खाणारी माणसं अकरा. आई पहाटे उठून वाटण करायची, तांबडा, पांढरा, सुकं, सगळं एकटी, चुलत्या नावाला मदतीला. पहिली पंगत आजोबा, बाबा, काका. नळी बाबांची, ती ठरलेली. मग आम्ही पोरं, आमच्या वाटीत आधी अळणी, मग एक-दोन फोडी. मग बायका. तोवर पातेल्यात रस्सा असायचा आणि तळाला मानेची हाडं. आई ती हाडं घ्यायची आणि म्हणायची, "मला बाई मानेचंच आवडतं." मी हे तीस वर्षं खरं मानलं. लग्न होऊन इथे आल्यावरही मी हलालवाल्याकडे जाऊन तिच्यासाठी मुद्दाम मानेचं आणायची. केवढी शहाणी मी.

तर कीन्समध्ये बसलो, मेनू आला, मी तिला वाचून दाखवायला लागले. तिने मला मध्येच थांबवून हळूच विचारलं, "मानेचं मिळतंय का बघ."

मला तिथेच रडू यायला लागलं होतं. नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग मी तिच्यासाठी मटण चॉप मागवला. कीन्सचं नाव स्टेकहाउस असलं तरी ते गाजलं या मटण चॉपवर. पाठीचा आडवा कापलेला, मधोमध हाड, दोन्ही बाजूंना मांसाचे पंख, कडेने चरबीची खरपूस पट्टी. हाडासकट पाऊण किलोच्या आसपास. एका माणसाला! सोबत परतलेली पालेभाजी. वेटरने ती ताटली आणून आईच्या पुढे ठेवली. सगळ्यांच्या आधी तिच्या पुढे.

आणि तिने काय केलं? सवयीने ती ताटली उचलली आणि जावयापुढे सरकवली. "आधी त्यांना वाढ." जावई पुण्याचा, शुद्ध शाकाहारी, समोर भाजलेला बटाटा आणि क्रीममधला पालक घेऊन बसलेला. तो एकदम खुर्चीत मागे सरकला. मग तिने ती पोराकडे सरकवली. पोराने आपला बर्गर दाखवला. मग माझ्याकडे. मी म्हटलं, आई, ही सगळी तुझीच आहे. ती म्हणाली, "सगळी?"

वेटर हे सगळं बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण चेहऱ्यावरून त्याला बरंच कळलं असावं. त्याने ताटली परत उचलून नीट तिच्यासमोर ठेवली, हाडाची बाजू तिच्याकडे करून.

आता ऐका, त्यांना काय कळतंय ते. पहिला घास घेण्याआधी तिने काट्याने मांस जरासं बाजूला केलं, हाडाकडे वाकून बघितलं, वास घेतला आणि निकाल दिला. "हे मेंढराचं हाय. पण म्हातारं न्हवं, कोकरू हाय. हाड बघ किती बारीक, आन वास न्हाई मेंढराचा. मग मटण नाव कशाला ठेवलंय?"

मित्रहो, याच गोष्टीवर इथले खाण्यावर लिहिणारे लोक वर्षानुवर्षं लिहीत आलेत. पूर्वी तिथे खरं मटण, म्हणजे मोठ्या मेंढीचं मिळायचं, अमेरिकेत ते खाणं मागे पडलं, आणि आता त्या प्रसिद्ध चॉपचं नाव तेवढं मटण राहिलंय, मांस कोकराचं असतं. हे मला गुगल करून कळलं होतं. तिला बघून कळलं. आणि हो, आपण मटण म्हणतो ते बोकडाचं आणि इथे मटण म्हणजे मेंढीचं, हेही मला इथे दोन वर्षं राहिल्यावर समजलं होतं. चाळीस वर्षं खाटकाच्या दुकानासमोर उभं राहून ज्या बाईने फसवणूक होऊ दिली नाही, तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला कळत होतं? वाइनचा वास घेऊन मान डोलावणाऱ्या शेजारच्या टेबलाला?

तेव्हा पुन्हा कुणी माझ्यासमोर हे वाक्य बोलू नये. खरंच सांगते, बोलू नये.

बरं, मान्य आहे, महाग आहे. आज पॉटलकमध्येही पहिला प्रश्न तोच होता, "किती झाले?" आकडा मी सांगणार नाही. तुम्ही डिस्नीला किती घातलेत ते मी विचारलं का? वरून टिप द्यावी लागते, तीही टोचते, मान्य. आणि त्या पैशात गावाकडे काय काय झालं असतं हा हिशोब माझ्या चुलत्याने फोनवर केलाच होता. तोच चुलता, पहिल्या पंगतीचा.

शाकाहारी मंडळींनो, तुमच्याशी माझं भांडण नाही. तुमच्या आईला जे आवडतं त्या ठिकाणी न्या. माझा राग डोशावर नाही. डोसा मलाही आवडतो.

राग कशाचा आहे ते लिहिता लिहिता मला आत्ता नीट कळतंय. आपण आईवडिलांना बोलावतो तेव्हा सहा महिन्यांसाठी बोलावतो. बाळंतपण असतं, नाहीतर डेकेअर महाग असतं. सहा महिने पोळ्या, सहा महिने पोरांना बसमधून उतरवून घेणं, आणि शनिवार-रविवार ब्रिजवॉटरचं देऊळ, रॉबिन्सव्हिलचं देऊळ, एकदा नायगारा. संपलं, फोटो काढले, विमानात बसवलं.

मी काही फार साव नाही. आठ वर्षांपूर्वी धाकट्याच्या वेळी आई आली होती तेव्हा मीही हेच केलं. सहा महिन्यांत मी तिला एकदाही, एकदाही असं जेवायला नेलं नाही जिथे ती बसलीय आणि दुसरं कुणी तिला वाढतंय. ती माझ्या किचनमध्ये उभी राहून जेवायची. मी म्हणायची, आई बस ना. ती म्हणायची, झालंच. आणि मी लॅपटॉपकडे वळायची. तेव्हा रागावलेय ती थोडी स्वतःवरही, हे समजून घ्या.

त्या दिवशी तिला मी आणखी एक गोष्ट सांगितली. कीन्समध्ये आधी बायकांना प्रवेशच नव्हता. फक्त पुरुषांनी जेवायचं. १९०५ मध्ये लिली लँगट्री नावाच्या नटीला आत घेतलं नाही, तर तिने सरळ कोर्टात खेचलं आणि खटला जिंकली. मग पिसांचा बोआ गळ्यात घालून रुबाबात आत आली आणि मटण चॉप मागवला, अशी तिथली गोष्ट. आता तिच्या नावाची खोली आहे वरच्या मजल्यावर. तिला जर्सी लिली म्हणायचे. आमची न्यू जर्सी नव्हे हो, इंग्लंड आणि फ्रान्सच्या मध्ये जर्सी नावाचं बेट आहे, तिथली ती. पण मला उगाचच ती आमच्या गल्लीतली वाटते.

आईने हे सगळं चावता चावता ऐकलं. म्हणाली, "मग आदुगर कुठं खायाच्या बायका?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते तिला मी काय सांगणार?

मग ती परत ताटलीकडे वळली. सुरी तिने केव्हाच बाजूला ठेवली होती. मी म्हटलं हाताने खा, तर पोरगं इकडे तिकडे बघायला लागलं. त्याला मी टेबलाखालून पाय मारला. ती पंखाचं मांस संपवून हाडापाशी आली, मध्येच थांबली आणि हातातल्या तुकड्याकडे बघून म्हणाली, "अगं, हे चाप हाय की!"

मी म्हटलं, हो, चॉप.

"चॉप न्हवं. चाप. खाटीक म्हणतो न्हाई का, सीना, मांडी, चाप. तुझ्या आजोबांना चापच लागायचं. दुसऱ्याला द्यायचं न्हाई. चार तुकडं यायचं किलोत, चारी त्यांच्या ताटात."

तिने हे काही दुःखाने सांगितलं नाही. माहिती म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं जो तुकडा तिने निवडून, धुऊन, शिजवून दुसऱ्याच्या ताटात वाढला, तो तिने सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा खाल्ला, ३६व्या रस्त्यावर. मी विचारलं, कसा आहे? थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मऊ हाय. म्हाताऱ्याला अक्कल होती."

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या टेबलाने वळून बघितलं.

सगळा खाल्ला तिने. हाडाला काही ठेवलं नाही. मग ते हाड मात्र पिशवीत बांधून मागितलं, एडिसनच्या गाडीत मांडीवर धरून बसली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पांढरा रस्सा केला. ते हाड काय रस्सा देणार, निम्म्याहून अधिक खसखस आणि नारळाचं दूधच होतं. पण केला. कोल्हापुरात जावेला फोन करून सांगितलं, "मीठ बरोबर होतं, वाटण न्हवतं. परत येतो तवा मसाला घिऊन येतो." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात, पुणेकरांनी हसू नये.

आत्ता इथे रात्र आहे म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. पोस्ट लिहिता लिहिता मध्येच तिला फोन लावला होता. आज कोण काय बोललं ते सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता. म्हणाली, "ते राहू दे. तिची आई जेवली का?"

मी आठवायला लागले. आम्ही निघालो तेव्हा मावशी शेवटचा घाणा काढत होत्या. छोल्यांचं भांडं रिकामं झालं होतं. जेवताना मी त्यांना बघितलं नाही. आणि किचनमध्ये जाऊन मीही त्यांना बसा म्हटलं नाही, कोपऱ्यात तोंड फुगवून बसले होते.

उद्या दुपारी मावशींना फोन करणार आहे. शनिवारी त्यांना घेऊन सिटीत जाईन म्हणते, कुठे ते त्याच ठरवतील. मटण खात नसतील तरी हरकत नाही. कीन्सचा बटाटाही चांगला मोठा असतो, आमच्या ह्यांना विचारा.