लाज लाह्यांतून आली नाही

भाचीच्या लग्नाच्या आठवड्यात भाऊजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत तोच मला आणखी तिघांकडून आला. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लाजाहोमात नवरी आपली लाज अग्नीला वाहते, 'लाज' हा शब्द तिथूनच निघाला, म्हणून लाज हा मुळात बाईचा गुण, 'शरम' हा अरबी शब्द मोगलांनी आणला आणि त्याआधी मराठीत 'बेशरम' माणसाला शब्दच नव्हता, कारण तशी माणसंच नव्हती, आणि इंग्रजीतलं 'शेम' म्हणजे आपलं संस्कृत 'शर्म'. खाली ठळक अक्षरांत: 'मराठीची अब्रू राखा, शरम टाका.'

आधी लाह्या, कारण सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा केलाय.

संस्कृतात 'लाज' म्हणजे भाजून फुलवलेलं धान्य. लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. होम लाह्यांचा आहे. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात दिलीप राजा वनातून जाताना कोवळ्या वेली त्याच्यावर फुलं ढाळतात, आणि कालिदास म्हणतो, नगरातल्या मुली 'आचारलाज' उधळतात तशी. मेसेजचा अर्थ इथे लावून बघा: गावभरच्या पोरी राजावर आपली लाज फेकताहेत! कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ इथून, नागपूरहून, तासाभरावर रामटेकला आहे. तिथे पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं असतं तरी काम झालं असतं.

मग आपली मराठी लाज आली कुठून? 'लज्जा'मधून. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात दुहेरी होतं, मराठीत येताना ते सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. अद्य, अज्ज, आज. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. लज्जेची लाज झाली ती याच वाटेनं. आणि त्या लाह्यांच्या 'लाज' शब्दाचं काय झालं? दोन स्वरांमधला एकटा 'ज' प्राकृतात टिकत नाही, झिजून जातो. राजाचा राय झाला तो असाच. त्यामुळे तो शब्द मराठीत 'लाही' होऊन आला. म्हणजे संस्कृतातली लाज आपल्याकडे लाही झाली, आणि तिचं रिकामं झालेलं नाव लज्जेनं घेतलं. मला तर हे त्या होमाच्या गोष्टीपेक्षा किती तरी जास्त आवडतं. पण यात नवरी नाही, अग्नी नाही, मग फॉरवर्ड कोण करणार?

आता दुसरा मुद्दा. लाज बाईचीच, हे समाजानं ठरवलं असेल. लाज हा बाईचा दागिना म्हणणारे माझ्याही घरात आहेत. पण शब्दांवर ते ढकलू नका. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत 'ह्री' येते, म्हणजे लाजच. ऐकणारा अर्जुन, रणांगणावरचा पुरुष. देवीच्या स्तोत्रात ती 'सर्वभूतेषु' लज्जारूपानं आहे, म्हणजे सगळ्या प्राणिमात्रांत. आणि दीक्षाभूमीच्या या शहरात बौद्ध ग्रंथांची पाली भाषा काही परकी नाही: बुद्ध भिक्खूंना सांगतात की हिरी आणि ओत्तप्प हे दोन शुभ्र धर्म जगाला सांभाळतात. हिरी म्हणजे आपलीच आपल्याला वाटणारी लाज, ओत्तप्प म्हणजे निंदेचा आणि परिणामांचा धाक. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही ह्री, त्रपा, व्रीडा, लज्जा हे शब्द एका ओळीत आहेत आणि दुसऱ्यांपुढे वाटणाऱ्या लाजेला 'अपत्रपा' असं वेगळं नाव दिलंय. आपली आजी यातलं काही न वाचता म्हणायची, 'जनाची नाही तर मनाची तरी ठेव.' तीही बहुतेक वेळा आजोबांनाच.

'शरम' अरबी नाही, फारसी आहे. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, तिचं जुनं रूप 'फ्शरम' असं सापडतं, म्हणजे इस्लामच्या कितीतरी आधीचं. अरबी शब्द हवा असेल तर तो 'हया'. आणि मोगल कशाला? दख्खनात बहमनी राज्य १३४७ मध्ये उभं राहिलं, फारसीत कारभार करणारं. बाबर दिल्लीला पोचला १५२६ साली. पुढे मराठीनं दोन्ही शब्दांना कामं वाटून दिली. नवरी लाजते. ती 'शरमली' असं कुणी लिहिलं तर मांडवात काहीतरी भानगड झाली असं वाटेल.

बेशरमाला आधी शब्दच नव्हता म्हणे! 'निर्लज्ज' संस्कृत आहे, 'निलाजरा' घरचा आहे. शब्द होते म्हणजे माणसंही असणार. उलट 'बेशरम' आल्यानं वैदर्भीयांची सोय झाली. नाल्याच्या काठानं, कुठंही फांदी खोचली तरी जगणाऱ्या त्या जांभळट फुलांच्या झुडपाला आम्ही बेशरम म्हणतो, आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांत तेच लावून आंदोलनं करतो. ते झुडूप मूळचं अमेरिकेतलं. लाजाळूही तिकडचीच, हे जाता जाता. दोघीही मोगलांनी आणलेल्या नाहीत.

चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. तिसऱ्यात 'शरम' परकी, चौथ्यात तोच आवाज इंग्रजांनी आपल्याकडून चोरलेला. आधी एक काय ते ठरवा. संस्कृत 'शर्मन्' म्हणजे आसरा, सुख. शर्मा आडनावाचे लोक त्यावरून शर्मा, शरमेवरून नव्हे. 'शेम'चे सख्खे भाऊबंद युरोपात आहेत, डॅनिश आणि स्वीडिशमध्ये आजही 'स्काम' म्हणतात. त्यातला 'र' शोधून दाखवा.

राहिली ती ठळक ओळ. 'अब्रू' हा शब्द फारसी: 'आब' म्हणजे पाणी, 'रू' म्हणजे चेहरा. तोंडावरचं पाणी.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. लग्न होतं, खरंच वेळ नव्हता. होमाच्या वेळी लाह्या कमी पडल्या तेव्हा भाऊजीच धावत जाऊन पुडा घेऊन आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेसेजची सुधारलेली आवृत्ती टाकली. लाजाहोम गाळला होता, अरबीच्या जागी फारसी केलं होतं, 'शेम' काढून टाकलं होतं. खालची ओळ मात्र होती तशीच, अब्रूसकट.