श्रीलंका म्हणजे नुसता समुद्र नव्हे

शेजारचे काका-काकू काल रात्री श्रीलंकेहून परत आले. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकानं पाठवलं होतं. सकाळी काकू एवढंच म्हणाल्या, "चार दिवस खिडकीतनं समुद्र बघितला, आणि पाचव्या दिवशी थंडीनं मेले." तेव्हापासून डोकं तापलंय.

जून महिन्यात बेंटोटाला चार मुक्काम! पॅकेज विकणाऱ्यानं नकाशा तरी बघितला होता का? बेंटोटा बेटाच्या नैर्ऋत्य काठावर. मे ते सप्टेंबर मोसमी वारा तिथं थेट तोंडावर येतो. जुलैत गणपतीपुळ्याच्या समुद्रात कुणी पोहायला उतरतं का? तसंच ते. लाटा खवळलेल्या, वाळूत लाल बावटा. आणि त्याच दिवसांत बेटाच्या पूर्वेला, त्रिंकोमालीजवळ निलावेलीला, पाणी सहसा तळ दिसेल इतकं शांत असतं.

कारण मधोमध डोंगर आहे. त्याचं सगळ्यात उंच शिखर पिदुरुतलागला, २,५२४ मीटर. ढग पश्चिम अंगाला रिकामे होतात आणि पलीकडं कोरडा वारा उतरतो. हे साताऱ्याच्या माणसाला काय सांगायचं! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटर आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडला पाचशे पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. फरक एवढाच, की श्रीलंकेत डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून दुसरा मोसमी वारा येतो. मग पूर्व भिजते आणि बेंटोटा, गॉल, मिरिस्सा या बाजूला उघडीप मिळते. म्हणजे आधी महिना ठरवायचा, मग किनारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्हीकडं दुपारनंतर गडगडाट, शिवाय बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस, तेव्हा नकोच. चहाचे मळेवालेसुद्धा हाच हिशेब धरतात: पश्चिम उताराचा डिंबुला चहा वर्षाच्या सुरुवातीच्या कोरड्या महिन्यांत चांगला, पूर्व उताराचा उवा जुलैनंतर.

पावसाळ्यात स्वस्त पडतं, हे मान्य. पण मग गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगा ना!

आता थंडी. नुवारा एलिया हे डोंगरातलं थंड हवेचं गाव १,८६८ मीटरवर. दर हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. कोलंबोत तीस अंश असताना वर अठरा-वीस, त्यात भुरभुर पाऊस आणि वारा. जानेवारी-फेब्रुवारीत तर पहाटे कधीकधी गवतावर दहिवर गोठतं. काकूंचा स्वेटर मोठ्या बॅगेत, बॅग बसच्या डिकीत, आणि अंगावर सुती साडी. कॅंडीहून वर अंतर ऐंशी किलोमीटरच्या आतलंच, पण रस्ता पसरणी घाट लांबवल्यासारखा, अडीच-तीन तास खातो. पोट नाजूक असेल तर पुढची सीट घ्या. चिवड्याची पाकिटं वर जाताना फुगतात, तसेच कानांनाही दडे बसतात. आवंढा गिळत राहायचं.

हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर न्यायचं असेल तर नुवारा एलियाहून पहाटे पाचला निघावं लागतं. साधारण नऊ-दहानंतर दरीतनं धुकं वर येतं आणि वर्ल्ड्स एंडचा आठशे मीटरहून खोल तुटलेला कडा पांढरा पडदा होतो. फेरी नऊएक किलोमीटरची, तीन तासांची, बूट पकडीचे हवेत. प्लॅस्टिकची वेष्टनं फाटकावरच काढून घेतात, खाऊ कागदात न्या. काका-काकूंना तिथं अकराला उतरवलं. अकराला! काकांच्या मोबाइलमध्ये धुक्याचे चौदा फोटो आहेत.

आणि खाली उतरल्यावर कॅमेऱ्याची भिंग धुरकट होते, ती बिघडलेली नसते. एसी खोलीतून दमट हवेत आली की ओल धरते. पिशवी अर्धा तास बंदच ठेवायची, पुसत बसायचं नाही.

पाऊस कुणाच्या हातात नसतो, तेही खरं. पण वाऱ्याचा महिना ठरलेला असतो.

दुपारी काकू जरा हसल्या. रेल्वेतनं चहाचे मळे बघितले ते डोळ्यांपुढून जात नाहीत म्हणाल्या, फेब्रुवारीत परत जाऊ का विचारत होत्या. काकू, जरूर जा, आधी मिरिस्सा, मग डोंगर. रेल्वेचं आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि लगेच भरतं. दरड कोसळली तर गाडी बंद असते, आदल्या दिवशी चौकशी करा. आणि स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. नुवारा एलियासाठी उतरायचं ते नानू ओया स्टेशन, तिथं दार उघडलं की तो लागतो.