जुना कॉम्प्युटर सोडताना घ्यावयाची काळजी

कॉम्प्युटर बदलायचा हे तुम्ही ठरवून टाकलेलंच आहे, आता फक्त कारण हवंय. तेही आयतं मिळालंय. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तुमचा 2016 चा लॅपटॉप विंडोज 11 घेत नाही. त्याला टीपीएम 2.0 लागतं, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. (इतक्या पिढ्यांची चौकशी आपण हल्ली स्थळ बघतानाही करत नाही.) टीपीएम म्हणजे काय, या खोलात शिरू नका. घरात "सिक्युरिटीचा प्रश्न आहे" एवढंच गंभीर चेहऱ्याने सांगा. सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळवायची सोय कंपनीने ठेवली आहे, हे मात्र कुणाला कळू देऊ नका.

आता दुकानात जा आणि अ‍ॅपलच्या मॅकबुक एअरचं झाकण एका बोटाने उघडून बघा. 2020 च्या एम1 चिपपासून त्यात पंखाच नाही. तुमचा लॅपटॉप एक्सेल उघडली की खंबाटकी चढणाऱ्या एसटीसारखा घुमतो. हा मात्र हूं की चूं करत नाही. किंमत ऐकून तुम्हीही तेच कराल. सगळ्यात कमी रॅमचा घ्या, "पुढे वाढवू" म्हणा. मॅकबुकची रॅम पुढे वाढत नाही, वाढतो तो हप्ता.

पहिले पंधरा दिवस बोटांना समजावण्यात जातील. कंट्रोल-सी आता कमांड-सी. डिलीट लिहिलेलं बटण मागचं अक्षर खोडतं. लाल टिकली दाबली की खिडकी मिटते, पण प्रोग्रॅम आत चालूच. "निघतो" म्हणून दारात अर्धा तास बोलत उभे राहणाऱ्या पाहुण्यासारखा. फाइल कट करायला जाल तर कट होणार नाही. आधी कॉपी करायची आणि चिकटवताना ऑप्शन, कमांड आणि व्ही एकदम दाबायचं. लग्नाच्या फोटोंची जुनी हार्ड डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची असेल, तर मॅक ती वाचेल पण तिच्यावर लिहिणार नाही. मराठी लेखकाच्या बरोबर उलट.

हिशेबाला टॅली लागत असेल तर काळजी करू नका, रडा. ती विंडोजवर चालते. 2006 पासून इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं, ती वाट एम1 ने बंद केली.

पण खरी मजा मराठीत आहे. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी आहात असं धरून चालतो (प्रत्येक मराठी माणूस कधी ना कधी असतोच). तुमच्याकडे 2004 पासूनची इतिवृत्तं आहेत आणि ती श्रीलिपीत टाइप केलेली आहेत. त्या काळच्या फॉन्टांनी मोठी नामी युक्ती केली होती: फाइलमध्ये साठवायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, पडद्यावर त्यांना देवनागरीचा अंगरखा घालायचा. नव्या मशीनवर हा अंगरखा नाही. त्यामुळे वीस वर्षांचे एकमताने मंजूर झालेले ठराव डॉलर, टक्के आणि उद्गारचिन्हांच्या रांगा होऊन समोर येतील, कॉमिकमध्ये शिव्या छापतात तसे. सभेत उपस्थित असलेल्यांना त्यात चुकीचं काही वाटणार नाही.

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा मराठीत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. जरूर वापरा. रफार उठून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसेल, अगदी आपल्या पार्किंगसारखा. पहिली वेलांटी कुठे गेली ते शोधता शोधता तुम्हाला 2011 चा गळतीचा ठराव सापडेल आणि ती गळती अजून चालू असल्याचं लक्षात येईल. नवीन मजकूर टाइप करायला मॅकमध्ये मराठी कीबोर्ड आहे, पण तुमची बोटं टाइपरायटरवर तयार झालेली. "भाग देखभाल खर्च" टाइप करायला जाल आणि जे उमटेल त्यावर सही करू नका.

एवढ्यात भाचा येईल आणि म्हणेल, "मामा, पैसे कशाला घालवता, विंडोजच्या जागी लिनक्स टाका." ऐकू नका असं मी म्हणणार नाही, कारण फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर खरंच पळतं. 1991 साली हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्सने हा आपला फक्त छंद असल्याचं कळवून सुरुवात केली होती. भाच्याचाही छंदच आहे, तुमच्या लॅपटॉपवर. लिनक्सचा कुठला अवतार टाकावा, उबुंटू, मिंट की डेबियन, यावर तो तासभर बोलेल, मिंट टाकेल आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला होस्टेलवर निघून जाईल. प्रिंटर का चालत नाही हे तुम्ही त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवाल. तो म्हणेल, "टर्मिनल उघडा." तुम्हाला आधी दादरचं आठवेल.

म्हणून माझा सल्ला: मॅक घ्याच. हॉलमध्ये ठेवा, पाहुणे आले की झाकण एका बोटाने उघडा. जुना लॅपटॉप मात्र भंगारात देऊ नका. इंटरनेटची वायर काढून बेडरूममधल्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली राहू द्या, श्रीलिपीच्या डोंगलसकट. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस चौदा दिवस आधी लावायची असते.