एसएमटी बंद केली तरी खड्डे तसेच राहतील

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. एसएमटीची, म्हणजे सोलापूर महापालिकेची सिटी बस हा पांढरा हत्ती. ती कायम तोट्यात. आता घरटी मोटारसायकल आहे, बसमध्ये बसतं कोण? एसएमटीला कुलूप लावा आणि तो पैसा रस्त्यांना, उड्डाणपुलांना द्या. केंद्राच्या ई-बस तर फुकटच येणार आहेत. शहराची खरी कळकळ असलेल्या माणसांनीही तो पुढे पाठवलाय, म्हणून हे उत्तर.

तोट्याचं आधी. रस्त्याला तिकीट नसतं, म्हणून रस्ता तोट्यात आहे असं आपण कधी म्हणत नाही. दिवाबत्तीलाही म्हणत नाही. बसला तिकीट आहे, म्हणून तिचा हिशेब डोळ्यांवर येतो. शिवाय १९५८च्या कायद्यानुसार बसच्या तिकिटातून प्रवासी कर राज्याकडे जातो. म्हणजे बसने जाणारी बाई प्रत्येक फेरीला कर भरते. मोटारीचा कर एकदा भरला की झालं, आणि तोही राज्याच्याच तिजोरीत जमा होतो. रस्ता मात्र महापालिकेचा झिजतो.

‘तो पैसा रस्त्यांना द्या’ हे वाक्य सगळ्यांना पटतं, आणि नेमकं तेच सर्वांत चुकीचं आहे. कोणता पैसा? महापालिकेकडे सगळा निधी एका पेटीत पडत नाही. २०११च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे दहा लाखांच्या आत. केंद्राच्या पैशाची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने अशा शहरांना २०२१-२२ ते २०२५-२६ साठी दिलेल्या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले. उरलेल्यातून पगार देता येत नाहीत. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत आपण जानेवारी २०१६ला पहिल्या वीस शहरांत नववे आलो. तो पैसा वेगळ्या कंपनीकडे आला आणि मंजूर आराखड्यातल्या कामांवरच खर्चायचा होता. ई-बसचा निधी डांबरावर खर्च करता येत नाही.

राहता राहिलं महापालिका स्वतःच्या उत्पन्नातून परिवहनला देते ते. त्यातून पगार आणि निवृत्तिवेतनाची देणी भागवायची असतात, आणि बस थांबली म्हणून ती देणी थांबत नाहीत. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला या दोन उड्डाणपुलांच्या भूसंपादनात महापालिकेचाही वाटा आहे, हे खरं. तो वाटा उभा करायलाच हवा. पण त्यासाठी बसचा गळा घोटायचं कारण नाही.

आता, बसमध्ये बसतं कोण? कुंभारीला जाऊन बघा. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार घरं. शेजारी रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. घर मिळालं ते महापालिकेच्या हद्दीबाहेर, आणि काम, सिव्हिल हॉस्पिटल, बाजार, सगळं शहरात. तयार विड्या कारखान्यात पोचवून पानं-तंबाखू घेऊन परतणारी बाई मोटारसायकल चालवत नाही. शेअर रिक्षाचे पैसे तिच्या दिवसाच्या मजुरीतून जातात. इतकी घरं बांधताना बसचा मार्गही त्याच नकाशावर आखायला हवा होता. बस कधी येईल याचा भरवसा नसेल तर माणसं कर्ज काढून गाडी घेतात, आणि मग आपण म्हणतो की बसला माणसंच नाहीत.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे येतो, कारण खरा धोका इथं आहे.

मागच्या खेपेला, केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेतून, बस खरेदीला अनुदान मिळालं. चालवायला, दुरुस्तीला काही नाही. पुढे अनेक गाड्यांच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेले आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या. गाडी मिळणं आणि गाडी रोज चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा आपण चांगलंच भोगलं.

१६ ऑगस्ट २०२३ला मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा योजना वेगळी आहे. ५७,६१३ कोटींची योजना, त्यात केंद्राचे २० हजार कोटी, देशभर दहा हजार बस. सोलापूरच्या वाट्याला शंभर. बस ठेकेदाराची, त्याला पैसे किलोमीटरमागे. केंद्र दहा वर्षं किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देणार, वरचं शहराने भरायचं. शहर चुकलं तर पैसे राज्याच्या खात्यातून थेट वळते करून घेण्याची तरतूद आहे. मग फुकट काय आहे यात? तिकीट विकलं जावो न जावो, करारातल्या किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतील. मार्ग चुकीचे आखले, तर या वेळी तोटा खरोखरच मोठा होईल.

आणखी एक गोष्ट. १९४९च्या महापालिका अधिनियमात रस्ते हे बंधनकारक कर्तव्य, बससेवा ऐच्छिक. म्हणून अंदाजपत्रकात कात्री लागते ती आधी बसला. असले मेसेज त्या कात्रीलाच धार लावतात.

त्यापेक्षा अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा आपल्या प्रभागातून विचारा: ई-बस वर्षाला किती किलोमीटर धावणार, किलोमीटरमागे शहराचा वाटा किती, तो अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षात (खर्चाच्या सदरात) धरलाय, आणि कुंभारीहून पहाटेची पहिली बस किती वाजता सुटणार?