नव्या सेमी-हॉलोचे पिकअप आधी बदलू नका

इंदूरमध्ये गिटार वाजवणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक यादी तोंडोतोंडी फिरते आहे. पन्नास हजारांच्या आतली नवी सेमी-हॉलो, म्हणजे अर्धवट पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार, घेतली, की म्हणे आधी पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) बदलायचे. मग पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या कळांखालचे बदलते रोध) आणि कपॅसिटर, मग तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या लॉकिंगच्या खुंट्या, मग ब्रिज (अंगावर तारा जिथे टेकतात ती घोडी), आणि शेवटी एफ-होलमधून, म्हणजे अंगावरच्या f आकाराच्या भोकांतून, आत फोम कोंबायचा. एवढं केलं की ती गिब्सन कंपनीच्या नावाजलेल्या सेमी-हॉलोच्या, ईएस-३३५ च्या, तोडीस तोड वाजते, कारण कंपन्या लाकूड बरं देतात आणि त्यावरचं सामान कचरा असतं.

माझ्या भाच्याने एप्रिलमध्ये अशी एक गिटार घेतली. चौथ्या दिवशी तो लोकमान्य नगरला माझ्याकडे आला तो ही यादी वहीच्या पानावर उतरवूनच. खाली बेरीज केलेली होती, गिटारच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. म्हणाला, "मामा, सोल्डरिंग तू करून देशील ना?"

मी नाही म्हटलं. यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीच्या क्रमाने सांगितलेली आहे, आणि कॉलेजातली मुलं त्यापायी क्लासच्या फीएवढे पैसे घालवताना मी बघतो आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिलं कलम पिकअपचं. भाच्याची तक्रार खरी होती. मानेकडचा पिकअप लावला की आवाज घोगरा यायचा, जाड तारांवर कॉर्ड धरला तर सूर एकमेकांत कालवल्यासारखे वाटायचे. यादी म्हणते, स्वस्त पिकअप असेच. आम्ही काय केलं ते सांगतो. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून धरली आणि तार आणि पिकअपचा खिळा यांच्यातलं अंतर मोजलं. जेमतेम एक मिलिमीटर. गिब्सनच्या कारखान्याचं स्वतःचं माप मानेकडच्या पिकअपला सुमारे २.४ मिलिमीटर आणि ब्रिजकडच्याला १.६ मिलिमीटर आहे. तारेचा झोका मानेकडे मोठा असतो, म्हणून तिथला पिकअप जास्त खाली ठेवायचा. पिकअपच्या चौकटीवरचे दोन स्क्रू फिरवून तो खाली घेतला, मग ब्रिजकडचा किंचित वर आणला. पाच मिनिटं लागली. भाच्याने तोच कॉर्ड पुन्हा धरला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. आता सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या.

मला हे आधीच ठाऊक होतं असं नाही. माझ्या पहिल्या सेमी-हॉलोचे पिकअप मी महिन्याभरात बदलले होते आणि नवे, महागाचे पिकअपही तितकेच वर बसवले होते. आवाज घोगराच राहिला. चार वर्षं मी त्या गिटारच्या लाकडाला दोष देत होतो.

याच कलमात आणखी एक गोष्ट ठोकून सांगितली जाते, की पिकअपचे ओहम जितके जास्त तितका तो चांगला. सेथ लव्हरने गिब्सनसाठी १९५५ मध्ये ज्या हम्बकरच्या (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपच्या) पेटंटचा अर्ज केला, त्या सुरुवातीच्या पिकअपांचा रोध साधारण साडेसात ते साडेआठ किलोओहम भरतो, आणि आजही लोक त्यांच्याच आवाजामागे धावतात. पिकअपच्या आतली बारीक तार जास्त गुंडाळली की आवाज मोठा होतो आणि वरचे सूर दबतात. ते कुणाला हवं असतं, कुणाला नको. त्याला चांगलं-वाईट म्हणता येत नाही.

आपल्या माळव्यात हे समजावणं खरं तर सोपं जायला हवं. देवास इथून तासाभरावर आहे, आणि कुमार गंधर्वांचे तानपुरे कसे लागायचे याची आठवण आमच्या आधीची पिढी अजून काढते. तानपुरा बोलत नसेल तर कुणी भोपळा बदलत नाही. घोडीवर तारेखाली असलेलं सूत पुढे-मागे सरकवतात, मणी हलवतात, फारच झालं तर जवारी काढून घेतात, म्हणजे घोडीचा माथा घासून नीट करून घेतात. गिटारलाही जवारी काढण्यासारखंच काम असतं, त्याला सेटअप म्हणतात, आणि या यादीत तो शब्दच नाही.

आता "३३५ च्या तोडीस तोड" याबद्दल. सेमी-हॉलो म्हणजे नुसती पोकळ गिटार नव्हे. लेस पॉल या गिटारवादकाने १९४० च्या सुमाराला पाइनच्या एका चौकोनी ओंडक्यावर पिकअप बसवले आणि दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे तुकडे जोडले, ते केवळ गिटारसारखं दिसावं म्हणून. पुढे १९५८ मध्ये, टेड मॅककार्टी कंपनीचे अध्यक्ष असताना, गिब्सनने ईएस-३३५ आणली. तिच्यात दोन्ही बाजू पोकळ, पण मधोमध मानेपासून खालच्या टोकापर्यंत मेपलचा सलग ठोकळा, आणि ब्रिज व पिकअप त्या ठोकळ्यावर. सूर जास्त वेळ टिकतो आणि गिटार अँपसमोर लगेच हुंकारत (फीडबॅक देत) नाही, ते याच ठोकळ्यामुळे. पुढच्याच वर्षी आलेली ईएस-३३० दिसायला तशीच, पण आतून पूर्ण पोकळ, आणि तिचा स्वभाव अगदी वेगळा. तुमच्या गिटारमध्ये ठोकळा कसा आहे, मान कशी बसवली आहे, हे पिकअप बदलून बदलत नाही. आणि तुम्ही घेतलेली गिटार तिच्या स्वतःच्या आवाजासाठी घेतली असेल, तर तिला दुसरीचं सोंग का घ्यायला लावायचं, हे मला कधीच कळलं नाही.

कपॅसिटरच्या कलमावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तिथे सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त थापा चालतात. तेलात बुडवलेल्या कागदाचा, नारिंगी रंगाचा, जुन्या काळचा कपॅसिटर टाकला की आवाज "उघडतो", असं सांगतात. थोडं गणित करू. हम्बकरच्या गिटारमध्ये टोनला सहसा २२ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर असतो. १००० हर्ट्झच्या सुराला त्याचा अडथळा सुमारे ७ हजार ओहम. त्याच्या रांगेत टोनचा पॉट असतो, ५ लाख ओहमचा. टोनची कळ पूर्ण उघडी असताना सिग्नलला त्या वाटेने जायचं तर ५ लाखांची भिंत ओलांडावी लागते. भिंतीपलीकडचे ७ हजार कागदाचे आहेत की प्लॅस्टिकचे, याने कानाला काय फरक पडणार? कळ बंद करत आणली की कपॅसिटर कामाला लागतो, पण तेव्हाही फरक पाडतं ते त्याचं मूल्य. २२ ऐवजी १५ लावलात तर मानेकडचा पिकअप टोन बंद केल्यावर कमी गुदमरतो. तो बदल खरा आहे, आणि काही रुपयांत होतो.

पॉटच्या बाबतीत मात्र यादीत थोडं तथ्य आहे. हम्बकरला ५०० किलोओहमचे पॉट लागतात, आणि २५० चे असतील तर वरचे सूर खाल्ले जातात. पण बदलण्याआधी आहेत किती ते तरी बघा. त्यासाठी गिटार उघडावी लागत नाही. जेल रोडवरून एक साधा मल्टीमीटर आणा, केबल गिटारला लावा, केबलच्या दुसऱ्या पिनच्या टोकावर आणि तिच्या बाहेरच्या कडीवर मीटरच्या दोन सुया धरा. स्विच एकाच पिकअपवर ठेवा आणि त्याचा व्हॉल्यूम सावकाश खाली आणा. आकडा आधी चढतो, मग उतरतो. नेहमीच्या वायरिंगमध्ये तो सर्वांत वर जिथे पोचतो ती पॉटच्या मूल्याची साधारण चौथाई असते. १२५ किलोओहमच्या आसपास गेला तर पॉट ५०० चा आहे, ६०-६५ वर अडला तर २५० चा. भाच्याचा ११८ पर्यंत गेला. पॉटमध्ये वीस टक्के इकडे-तिकडे चालतं, त्यामुळे हा नीट आहे. यादीतली एक ओळ तिथेच खोडली.

बदलायचेच असतील तर त्याआधी एकदा समजून घ्या, की सेमी-हॉलोला बहुतेक वेळा मागे झाकण नसतं. चार पॉट, स्विच आणि जॅक, सगळा जुडगा एफ-होलमधून बाहेर काढायचा आणि तिथूनच परत आत घालायचा. प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधा, त्या दोऱ्याची टोकं वरच्या भोकांतून बाहेर ठेवा, मग आत सोडा. जॅकला माशांच्या टाकीची बारीक नळी लावली तर तो भोकापर्यंत सरळ येतो. दोरा सुटला की दांडा पोकळीत कुठेतरी आडवा पडतो, आणि मग आरसा, टॉर्च, वाकवलेली तार घेऊन दुपार जाते. एफ-होलच्या कडेला रंगाचा टवका उडतो तो याच वेळी. मोठ्या आकाराचा पॉट तर काही गिटारींच्या एफ-होलमधून जातच नाही.

खुंट्या. "गिटार सुरात राहत नाही, खुंट्या बदला." भाच्याची तिसरी तार चढवताना नटजवळ (मानेच्या डोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीजवळ) कान नेला तर टिक् असा आवाज येत होता. तार नटच्या खाचेत अडकायची आणि खुंटी थोडी जास्त फिरवली की एकदम सुटायची. ज्या गिटारीला डोक्यावर दोन्हीकडे तीन-तीन खुंट्या असतात तिथे मधल्या तारा नटपासून बाजूला वळतात, म्हणून तिसरी आणि चौथी सर्वांत जास्त अडकते. लॉकिंगची खुंटी या खाचेचं काहीही करू शकत नाही. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं, नव्या तारा हाताने दोन-चार वेळा ओढून ताणल्या, आणि तार सुरात राहू लागली. वर लॉकिंगच्या खुंटीचे स्क्रू जुन्या भोकांवर बसतीलच असं नाही. मग डोक्यावर नवी भोकं पाडायची का?

ब्रिजबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खडखडत असेल तर सॅडलचा, म्हणजे ब्रिजवरच्या प्रत्येक तारेच्या टेकूचा, स्क्रू सैल असतो. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला न दाबता नुसतं बोट टेकवून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा लागत असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा लागत असेल तर पुढे.

फोमचं कलम मी पूर्ण नाकारत नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग आपल्या गिटारीच्या एफ-होलमध्ये कापड कोंबत असत, आणि १९८० मध्ये त्यांच्या नावाने निघालेल्या ल्युसिल मॉडेलला एफ-होलच ठेवले नाहीत. पण ते मोठ्या अँपसमोर मोठ्या आवाजात वाजवत. तुम्ही घरात वाजवता. आणि हुंकार कुठून येतोय ते आधी ऐका. खालचा, घुमणारा हुंकार अंगातून येतो. तो अँपपासून बाजूला सरकलात आणि बास थोडा कमी केलात तरी बऱ्याचदा जातो. बारीक, कानात घुसणारी किंकाळी असेल तर ती पिकअपच्या आतल्या सैल तारेतून येते, आणि तिला फोमने काही होत नाही. कोंबायचंच तर सुती कापड कोंबा. साधा फोम काही वर्षांत भुगा होऊन आत चिकटतो.

यादीत जे नाही, आणि जे सर्वांत आधी हवं होतं, ते इथल्या हवेबद्दल. मे महिन्यात इंदूरला पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी हवा अगदी कोरडी असते. जुलैत त्याच खोलीत कपडे वाळत नाहीत. सेमी-हॉलोचं अंग थरांच्या लाकडाचं असतं, ते कमी हलतं. मान आणि फिंगरबोर्ड हलतात. भाच्याच्या गिटारीच्या मानेच्या कडेवरून मे महिन्यात बोट फिरवलं तर फ्रेटची टोकं बोटाला टोचत होती. फिंगरबोर्ड आकसला होता, फ्रेट तेवढेच होते. तो कानस घेऊन बसणार होता. मी थांबवलं. ऑगस्टमध्ये बघितलं तर बहुतेक टोकं पुन्हा आत गेली होती, फक्त वरच्या दोन फ्रेटची उरली होती, तेवढीच घासली. मानेचा बाकही पावसाळ्यात बदलला. मे महिन्यात ०.२ मिलिमीटरला लावलेला तो ०.३५ भरला, म्हणून ट्रस रॉड (मानेतली बाक सांभाळणारी सळई) पाव फेरा फिरवला, एक दिवस थांबलो, पुन्हा मोजलं. तार बाराव्या फ्रेटवर बारीक बाजूला दीड आणि जाड बाजूला दोन मिलिमीटर ठेवली. जी गिटार अजून एक पावसाळाही इथे राहिलेली नाही, तिच्याबद्दल चौथ्या दिवशी निकाल द्यायचा नसतो.

आता काय बदललं तेही सांगतो. तारा बदलल्या, ०.०११ इंचापासूनच्या फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या), आणि आवाजात जो फरक पडला तो पिकअप बदलून पडला असता त्याहून कमी नव्हता. जॅकची चाकी आवळली. कारखान्याच्या नटमध्ये पहिल्या तारेची खाच जास्त खोल गेली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसायला हवी, तिथे ती दिसतच नाही, आणि मोकळी तार झणझणते. ही खाच भरून निघण्यासारखी नाही, म्हणून हाडाचा नवा नट घालणार आहोत. यादीत नट होताच कुठे!

पिकअपचं भाच्याने ठरवलं आहे की दिवाळीनंतर बघू, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या गिटारीत तो पिकअप स्वतः ऐकल्यावर. जुने काढले तर स्क्रू-स्प्रिंगसकट पिशवीत घालून केसमध्येच ठेवायचे, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. उद्या गिटार विकायची झाली तर घेणारा मूळ सामान आधी विचारतो.